माझं अर्ध्याचं व्रत

डॉक्टर तेजस्विनी मला म्हणाल्या, "सर, तुम्ही अजून घरात शिरलेला नाहीत. उंबरठ्यावर उभे आहात." आणि तेवढ्यावर माझं लक्ष उडालं.

वास्तविक त्या माझ्या रक्तातल्या साखरेबद्दल बोलत होत्या. तीन महिन्यांची सरासरी सहा पॉइंट एक आली होती. साडेसहाला मधुमेह सुरू होतो, म्हणजे मी दारातच होतो. पण उंबरठा म्हटल्याबरोबर मला नंजनगूडच्या घराच्या उंबरठ्यावर बसलेले माझे वडील, अप्पा, दिसायला लागले. अप्पांना साखर आहे हे आम्हाला कळलं तोवर त्यांचे डोळे गेले होते. पुढची अकरा वर्षं ते तिथेच बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत. पोस्टमन आला की "आज डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय वाटतं," असं म्हणत आणि ते बरोबर निघे. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला भीती वाटायची, आणि ती भीती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी म्हैसूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली. पुस्तकं दिली, पुस्तकं घेतली, शिक्के मारले. वाचायची राहून गेली. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की खिडकीशी खुर्ची टाकायची आणि पहिल्या कपाटापासून वाचत सुटायचं, एवढं एकच स्वप्न मी सांभाळून ठेवलं होतं. त्याला डोळे लागतात. बाकीच्या शरीराबद्दल माझा काही आग्रह नव्हता.

"सर, ऐकताय ना?" डॉक्टर म्हणाल्या. ही मुलगी आमच्या ग्रंथालयात अभ्यासाला यायची. वाचनकक्षात शेंगदाणे खाताना पकडून मी तिला एकदा बाहेर काढलं होतं. आता ती मला मूठभर शेंगदाणे खा म्हणून लिहून देत होती. "ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबीर. भात आत्ता खाता त्याच्या निम्मा. डाळ, उसळ भरपूर. नाचणी चालेल, पण तीही बेतानं. गोड चवीपुरतं. रोज अर्धा तास भरभर चालायचं. तीन महिन्यांनी परत तपासू. आत्ताच मनावर घेतलंत तर पुष्कळांना उंबरठ्यावरून मागे फिरता येतं."

मी मान डोलावत होतो. खिडकीबाहेर गुलमोहराची एक पाकळी खाली यायला निघाली होती आणि तिला पोचायला फार वेळ लागत होता. ती पोचली तेव्हा माझ्या हातात कागद होता आणि डोक्यात एकच शब्द शिल्लक होता, तो म्हणजे निम्मा.

आता यात माझी एकट्याची चूक नाही. आमच्या गावाला अर्ध्याची सवयच आहे. दोन माणसं हॉटेलात शिरली की एक कॉफी सांगतात आणि वर म्हणतात, बाय-टू. वेटर एका कॉफीचे दोन पेले करून आणतो. गप्पा अख्ख्या, कॉफी अर्धी. मुलींच्या सोयरिकी, नोकरीतल्या बदल्या, भावाभावांतले समझोते, सगळं आमच्याकडे बाय-टूवर झालेलं आहे. एकटा माणूस अख्खी कॉफी मागवतो तेव्हा वेटर त्याच्याकडे जरा काळजीनं बघतो. तेव्हा घरी जाता जाता मी विचार केला, निम्मा भात चालत असेल तर निम्मा डोसा का चालू नये? आणि निम्मा डोसा चालत असेल तर निम्म्या मैसूरपाकानं कुणाचं काय घोडं मारलंय? या तर्कातलं भोक मला आजतागायत सापडलेलं नाही. फक्त निकाल तेवढा चुकीचा आला.

घरी पोचताच मी पंकजाला सांगितलं, "आजपासून मी सगळं अर्धं खाणार."

पंकजा वाटण वाटत होती. तिनं हात थांबवला नाही. "सगळं म्हणजे?"

"जे जे पानात येतं ते ते."

"अहो, पण अर्ध्या मापाचा भात आपल्या कुकरात होत नाही. तळाला लागतो."

"तू नेहमीएवढा कर. मला वाढताना अर्धा वाढ."

"बरं," ती म्हणाली. एकतीस वर्षांत तिनं माझ्या बहुतेक योजनांना बरं म्हटलेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक आपोआप बंद पडल्या आहेत.

ही मात्र बंद पडली नाही. पहिल्याच दिवशी माझ्या पानात अर्धी मूद, अर्धा पापड आणि अर्धी केळफुलाची वडी आली. भाजीसुद्धा अर्धीच आली, कारण नियम म्हणजे नियम. जेवून उठलो तेव्हा पोटात भरपूर मोकळी जागा होती आणि तिच्यात एक मंद, गोड वारा फिरतोय असं वाटत होतं. दुपारी मी ग्रंथालयात खुर्चीवर बसल्या बसल्या हलका होत गेलो. मी पस्तिशीतला दिसत होतो. लग्नातला कोट घालून मी कुठल्याशा नदीच्या काठानं चाललो होतो आणि कोटाची बटणं सगळी लागत होती. एका विद्यार्थ्यानं टेबलावर टिचकी मारून मला परत आणलं.

राहता राहिलं भरभर चालणं. ते मला लहानपणापासून जमत नाही. सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर गेलो की पाण्यावर धुकं असतं, पेलिकन पक्षी इतके स्वस्थ बसलेले असतात की त्यांच्या समोरून घाईनं जाणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण तिथे चन्नबसप्पा होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, आवाज अजून नोकरीत. त्यांचा आठ जणांचा फिरणाऱ्यांचा संघ होता आणि त्यांनी मला पहिल्याच फेरीत गाठलं.

"काय स्वामी, किती आली?"

"सहा पॉइंट एक."

"हात्तिच्या. हे काय घेऊन बसलात? मला नऊ होती. मेथी भिजवा, सकाळी चावून खा."

"मेथीनं काही होत नाही हो," दुसरे म्हणाले. "कारल्याचा रस. माझ्या मेव्हण्याची साखर अशी उतरली की तो चक्कर येऊन पडला."

"जांभळाच्या बिया," तिसरे म्हणाले. "पण सावलीत वाळवलेल्या. उन्हातल्या उलट्या लागू पडतात."

एका प्रदक्षिणेत मला अकरा औषधं कळली. त्यातलं एकही सांगणाऱ्यानं स्वतः घेतलेलं नव्हतं. मग सगळे मिळून तळ्यासमोरच्या हॉटेलात शिरले, कारण चालण्यानं भूक लागते आणि ती तशीच घरी नेणं बरं नाही, असं त्यांचं मत होतं.

तिथे माझ्या व्रताची पहिली कसोटी लागली. ते आठ जण होते, म्हणजे चार जोड्या, चार बाय-टू. मी नववा. मी एकटा उरू नये म्हणून चन्नबसप्पांनी माझ्यासोबत दुसरी बाय-टू घेतली. त्यांनी माझ्यासोबत घेतली म्हणून त्यांच्या नेहमीच्या जोडीदाराला वाईट वाटलं, तेव्हा मी त्याच्यासोबत एक घेतली. मग बाकीच्यांनी विचारलं, आम्ही काय पाप केलंय? वड्याचं तेच, केसरीभात म्हणजे आमच्याकडचा गोड शिरा, त्याचंही तेच. मी मात्र अर्ध्याच्या वर एकाही गोष्टीला हात लावला नाही. माझ्या मनाला इतकी शांतता कधी लाभली नव्हती. कॉफीच्या वाफेतून तळं दिसायचं, तळ्यातून आकाश दिसायचं, आणि आपण फार थोड्यात राहतोय, ही भावना अंगभर पसरायची.

पाच आठवड्यांनी माझा पट्टा एक भोक बाहेर सरकला.

मी पट्ट्याच्या दुकानदाराला दोष दिला. पंकजानं दिला नाही. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "सकाळी हॉटेलात काय घेता?"

"अर्धी कॉफी."

"किती वेळा अर्धी?"

मी आठवून पाहिलं. "सात. कधी आठ."

"म्हणजे चार कॉफ्या. साखरेच्या. आणि वडे?"

मी वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्रामागे माणसाला विचार करायला थोडी खाजगी जागा मिळते. दुसऱ्या दिवसापासून मी तळ्याला दोन फेऱ्या मारून तडक घरी यायला लागलो. पंकजाच्या हिशोबाचा इतका राग आला होता की त्या फेऱ्या आपोआप भरभर होत होत्या. भाजीलाही मी नियमातून सूट दिली, कारण डॉक्टरांचा कागद एकदाचा उलगडून वाचला होता. त्यात ताटाचं चित्रसुद्धा काढलेलं होतं.

दरम्यान कचेरीत वेगळंच झालं. तपासणीचं बिल मी कॉलेजच्या कार्यालयात दिलं होतं. तिथला निंगराजू हा तसा भला माणूस, पण अर्जात जेवढे चौकोन आहेत तेवढंच जग आहे अशी त्याची श्रद्धा आहे.

"सर, आजार कोणता लिहू?"

"आजार नाही. उंबरठा आहे."

"उंबरठ्याला चौकोन नाही, सर. आजारी किंवा निरोगी."

"मग निरोगी लिहा."

"निरोगी माणसानं तपासणी का केली, असं वरून विचारतील." त्यानं माझा अहवाल प्रेमानं न्याहाळला. "सर, साडेसहाला मंजूर होतंय. तुमचं चार पॉइंटांसाठी अडलंय. थोडं मनावर घेतलंत तर पुढच्या महिन्यात होऊन जाईल."

निरोगीही नाही आणि आजारीही नाही, अशा अवस्थेत मी खुर्चीत परतलो. दोन चौकोनांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर आपण राहतोय, तिथे छोटंसं घर आहे, दारात तुळस आहे, आणि कुणी पत्ता विचारला तर सांगता येत नाही, असं काहीतरी मी त्या दुपारी बराच वेळ बघत होतो. बिल अजून निंगराजूकडेच आहे.

हॉटेल सोडल्यामुळे मी रुसलो, अशी संघाची समजूत झाली. चन्नबसप्पा घरी आले, तेव्हा मी त्यांना सगळं नीट सांगितलं. ते गंभीर झाले. अर्धं खायचं आणि परक्याच्या अर्ध्याला हात लावायचा नाही, हे त्यांना फार उदात्त वाटलं. त्यांनी तळ्याच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, 'सगळं खा, अर्धं खा,' आणि खाली माझं नाव घातलं. श्रीकंठय्या, सहायक ग्रंथपाल. चौतीस वर्षांत माझं नाव कुठल्याही पुस्तकावर आलं नव्हतं. मी तीन दिवस रोज मुद्दाम त्या फाटकानं आत गेलो.

यापुढची गोष्ट मात्र माझ्या हातात राहिली नाही.

समोरच्या घरात जयलक्ष्मम्मा राहतात. वय ऐंशी. तिसरीत त्या मला शिकवायला होत्या आणि अजूनही मला बघताना माझी नखं तपासतात. श्रावण लागला त्या सोमवारी त्या डबा घेऊन दारात आल्या.

"श्रीकंठा, फळा वाचला. फार शहाणा झालास. मलाही डॉक्टरनं कमी कर म्हणून सांगितलंय. होळिगे केल्या होत्या. अर्ध्या मी खाल्ल्या, या अर्ध्या तुझ्या."

"मिस, पण मी..."

"पण काय?"

तिसरीपासून त्यांच्या 'पण काय'ला मला उत्तर सुचलेलं नाही. मी डबा घेतला. होळिगे म्हणजे पुरणपोळीची आमच्याकडची बहीण, जरा नाजूक आणि तुपात जास्त भिजलेली. मी वास घेतला, डोळे मिटले, आणि निश्चयानं डबा आत नेऊन ओट्यावर ठेवला. एक घास खाल्ला नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो. पंकजानं त्यातून चिरोटे दिले. जयलक्ष्मम्मांनी त्यातले अर्धे खाल्ले आणि उरलेले शेजारच्या घरात दिले, कारण फळ्यावर तसंच लिहिलं होतं. शेजारच्यांनी त्या डब्यातून रव्याचे लाडू परत केले. आठ दिवसांत सगळी गल्ली अर्धं खायला लागली. आमच्या गल्लीत अख्खं असं कुणीच काही खात नव्हतं आणि तरी कुणाकडे काही उरत नव्हतं. सकाळी दहाला, दुपारी चारला डब्यांची झाकणं वाजायची. श्रावणातल्या संथ दुपारी अंथरुणावर पडून तो आवाज ऐकला की दूर कुठेतरी देवळात आरती चाललीय आणि आपण तिच्या पुण्याचे वाटेकरी आहोत, असं वाटायचं. सगळ्यात जास्त डबे अर्थातच आमच्याकडे यायचे. व्रताचा मूळपुरुष मी होतो.

मी दारात डबा घ्यायचो, "काय सुरेख वास आलाय" म्हणायचो आणि ओट्यावर ठेवून यायचो. संध्याकाळी तो डबा घासूनपुसून, आत आमच्याकडचं काहीतरी भरून तयार असायचा. मधल्या वेळात त्याचं काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. मला दुसरे पुष्कळ प्रश्न पडत. पेलिकन पक्ष्याला आपली चोच जड वाटत असेल का, यावर मी दोन सकाळी घालवल्या होत्या.

पंकजा त्या दिवसांत दुपारची आडवी व्हायला लागली. पूर्वी कधी व्हायची नाही. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, माझं अर्धं झाल्यामुळे हिचं कामही हलकं झालं. पाण्याचा तांब्या ती आता उशाशीच ठेवायची. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. "तुमची नजर अजून चांगली आहे," असं ती म्हणाली, तेव्हा मी ते व्रताचं फळ म्हणून मोजलं आणि एका दमात दोरा ओवून दाखवला.

तीन महिने भरले. रक्त द्यायला निघालो तर लॅबच्या दारावर पाटी होती, श्रावणानिमित्त जोडप्यांना सवलत. ती पाटी वाचून मी उलटपावली घरी आलो.

"पंकजा, चल."

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. पण दोघांची तपासणी एकाच्या दरात होतेय. एकट्यानं करणं बरं दिसत नाही."

ती हसली आणि पदर सारखा करून निघाली. आमच्या लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली बाय-टू. हॉटेलात तिला न्यायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, हे सुई टोचून घेताना माझ्या लक्षात आलं आणि लगेच विसरलोही.

रविवारी सकाळी माझा निकाल मोबाइलवर आला. पाच पॉइंट सहा. उंबरठा सोडून मी अंगणात आलो होतो. पंकजाचा निकाल आला नव्हता. तो परत तपासतोय, अकरा वाजता या, असं लॅबची मुलगी म्हणाली. मी चन्नबसप्पांना फोन केला आणि दहा वाजता तळ्याच्या फाटकापाशी माझा सत्कार ठरला.

सत्कार चांगला झाला. शाल आली, फळांची करंडी आली, जरीकाठी म्हैसुरी पेटा, म्हणजे आमच्याकडचा फेटा, माझ्या डोक्यावर बसवला गेला. चन्नबसप्पांनी भाषणात माझी तुलना ज्यांच्याशी केली ती नावं मी इथे घेत नाही, कारण ते बरं दिसणार नाही. मैसूरपाकाचे अर्धे तुकडे वाटले गेले. मी पेट्याच्या ओझ्याखाली उभा राहून पाण्याकडे बघत होतो. खिडकीशेजारची खुर्ची मला अगदी स्पष्ट दिसत होती, पहिलं पुस्तक कुठलं ते दिसत होतं, त्याचा पिवळा पडलेला कागदसुद्धा दिसत होता. पंकजा गर्दीच्या मागे झाडाला टेकून उभी होती. कुणीतरी दिलेला तुकडा तिच्या हातात होता, आणि माझ्याही वाट्याचा.

अकराला लॅबमधून दुसरा कागद घेतला आणि तसेच डॉक्टरांकडे गेलो. पेटा डोक्यावरच होता. काढायचं राहून गेलं.

कागदावर पंकजाचं नाव होतं आणि पुढे सात पॉइंट आठ लिहिलं होतं. मला हसू आलं. "डॉक्टर, यांनी बघा काय घोळ घातलाय. नावं बदललीत बहुधा. पण मग माझा आकडा..." मी गणित करायला लागलो. मला स्वतःचा पाच पॉइंट सहा सोडवत नव्हता आणि तिचा सात पॉइंट आठ पटत नव्हता, तेव्हा ते गणित काही केल्या सुटेना.

"दोनदा तपासलंय, सर," डॉक्टर म्हणाल्या. मग पंकजाकडे वळल्या. "काकू, तुम्ही जेवता काय?"

"विशेष काही नाही हो. उरलंसुरलं."

"उरलंसुरलं म्हणजे?"

"यांचा अर्धा भात राहतो. यांची अर्धी वडी, अर्धा पापड. रात्रीला पुन्हा तेच." पंकजा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आणि डबे येतात. लोकांनी इतक्या प्रेमानं दिलेलं टाकायचं कसं? यांना तर चालत नाही."

"सगळं तुम्ही खात होता?"

"घरात दुसरं कोण आहे?"

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. वाचनकक्षात बोलावं तेवढ्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "सर, भात कमी शिजवा असं मला म्हणायचं होतं."

पेटा घामानं कपाळावर उतरत होता. मला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला जवळ वर्तमानपत्र नव्हतं.

"तहान लागते का, काकू? थकवा? नजर अंधूक वाटते?"

पंकजानं तिन्हीला होकारार्थी मान हलवली. त्या तिन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. पाहून खूश झालो होतो.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली, तेच ताटाचं चित्र पुन्हा काढलं. पंकजा ते सगळं नीट ऐकत होती. तिचं लक्ष कुठेही उडालं नाही. शेवटी तिनं हळूच विचारलं, "आमच्या मामंजींसारखं होईल का हो?"

अकरा वर्षं अप्पांना परसात, न्हाणीत, देवळात हाताला धरून तिनंच नेलं होतं. मी अप्पांना बघून घाबरायचो, आणि नोकरीवर निघून जायचो. माझ्या डोळ्यांची काळजी मी तीन महिने उशाशी घेऊन झोपलो. तिला डोळे आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"त्यांना फार उशिरा कळलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला आज कळलंय. नीट सांभाळलंत तर तशी वेळ येऊ नये. पण सांभाळायचं, काकू. उरलंसुरलं बंद."

"बरं," पंकजा म्हणाली.

घरी येऊन मी पेटा खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघरात शिरलो. काकडी किसली, भिजवलेली मुगाची डाळ घातली, वर लिंबू पिळलं. बीन्सची भाजी पंकजानं सांगत सांगत माझ्याकडून करून घेतली. मीठ दोनदा पडलं. तांदूळ मी एकच वाटी घेतले, आणि एवढे कमी कुकरात होत नाहीत म्हणून पातेल्यात शिजवले. तळाला लागले. लागू देत म्हटलं.

तेवढ्यात दार वाजलं. जयलक्ष्मम्मा डबा घेऊन उभ्या होत्या. "श्रीकंठा, पायसम आहे. सत्कार झाला म्हणे तुझा. अर्धंच आणलंय."

"मिस, नको."

"नको म्हणजे? पण काय झालं?"

"पंकजाला साखर निघाली, मिस. तुम्ही सगळ्यांनी मला दिलेलं ती खात होती." माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा आला. "आजपासून आमच्याकडे अर्धंही नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नखं तपासली नाहीत. डबा छातीशी धरून म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का रे, गाढवा," आणि पायरी उतरून गेल्या. त्यांना आधार द्यायला मी उगीच हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

आत येऊन मी टेबलावर दोन ताटं मांडली. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, पाव भागात करपलेला भात. दोन्ही अगदी चित्रातल्यासारखी. चार खुर्च्यांचं ते टेबल आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो आणि हाक मारली, "ये, जेवायला बस."

पंकजा हात पुसत आली आणि टेबलापाशी थांबली. तिनं एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग तो काढून दुसरीवर ठेवला. एकतीस वर्षं तिनं या टेबलावर वाढलं होतं. ती जेवायची ती नंतर, आत, ओट्याशी.

"अहो," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"